पान लिहायचे घरचे बियाणे



मेहकरकडच्या एका माउलीचे पत्र आले आहे. सोयाबीन विकून चार पैसे हाती आले आणि पोराने हट्ट धरला, वेबसाइट करायला शिकतो, क्लासची फी भरा. माउली विचारते, "भरावी काय? पोराचे इंग्रजी बेताचेच आहे, आणि रब्बीचे खतही घ्यायचे आहे."

माउली, खत आधी घ्या. फी महिनाभर थांबू द्या. पोराला जे शिकायचे आहे त्याचा पहिला पाठ घरी, फुकटात होतो. तो कसा, ते आज पाहू.

वेबसाइटचे पान ज्या भाषेत लिहितात तिला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत काम करताना १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि ही भाषाही घडवली. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचे तंत्र साऱ्या जगाला मोफत खुले केले. म्हणून हे घरच्या बियाण्यासारखे आहे. दरसाल पाकीट विकत घ्यायला नको. कोणीही घ्यावे, पेरावे.

ही भाषा हिशेब करीत नाही. पानावरची कोणती गोष्ट काय आहे, एवढेच ती संगणकाला सांगते. हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी. त्यासाठी खुणा असतात. गणितातल्या 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' या दोन चिन्हांच्या मध्ये इंग्रजी अक्षर लिहिले, की झाली खूण. पी म्हणजे परिच्छेद. एच आणि १ म्हणजे सर्वांत मोठा मथळा, असे ६ पर्यंत लहान होत जातात. यूएल म्हणजे यादी आणि एलआय म्हणजे यादीतली एक ओळ. बी म्हणजे ठळक अक्षर.

खूण उघडली की बंद करायची. बंद करताना अक्षराआधी एक तिरपी रेघ द्यायची. बी बंद करायचे विसरलात, तर पुढचा मजकूर ठळक होत जातो. फाटक उघडे राहिले की ढोरे शेजाऱ्याच्या तुरीत शिरतात, तसेच हे. आणि जी खूण शेवटी उघडली ती आधी बंद करायची. घरातून निघताना आधी आतली खोली लावतो, मग बाहेरचे दार.

आता इंग्रजीची भीती. खुणा तेवढ्या इंग्रजी, त्याही विसापंचविसांत काम भागते. मजकूर खुशाल मराठीत लिहावा. मात्र पानाच्या डोक्यावर अक्षरांची पद्धत यूटीएफ-८ आहे, असे सांगणारी खूण घालावी. ती नसली तर मराठीच्या जागी कधी कधी भलतीच चिन्हे उमटतात.

साधन काय लागते? संगणकातले नोटपॅड आणि वेबसाइट पाहायचा ब्राउझर. इंटरनेटही नको. नोटपॅडमध्ये लिहावे, नावाच्या शेवटी टिंब देऊन एचटीएमएल लिहावे आणि जतन करावे. जतन करताना 'सर्व फाइली' हा प्रकार निवडावा. नाहीतर नोटपॅड मागे आपले टीएक्सटी चिकटवते आणि पानाऐवजी नुसत्या खुणा दिसतात. माझे पहिले पान असेच फसले होते. सारी संध्याकाळ मी खुणांतली चूक शोधत बसलो, आणि चूक होती नावात!

घरी संगणक नसेल तर पान आधी वहीत लिहावे. मग शाळा-कॉलेजच्या संगणकावर अर्धा तास मिळाला तरी पुरे. शेजाऱ्याचे पीक आपण धुऱ्यावरून पाहतो ना? तसे संगणकावर कोणतेही पान उघडून कंट्रोल धरून यू दाबावे. त्या पानाच्या खुणा समोर येतात. पाहून शिकावे.

पोराला पहिला अभ्यास असा द्या. मथळा 'आमची शेती'. खाली गावाविषयी एक परिच्छेद. मग पिकांची यादी: सोयाबीन, तूर, कपाशी, हरभरा. त्याखाली पेरणीची तारीख आणि बियाण्याचा खर्च यांचा तक्ता. तक्त्याची खूण टेबल. त्यात टीआर म्हणजे एक आडवे तास आणि टीडी म्हणजे त्या तासातले एक घर.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. एवढ्यावर नोकरी लागत नाही. पुढे सजावटीसाठी सीएसएस आणि पान हलते-बोलते करण्यासाठी जावास्क्रिप्ट शिकावे लागते. 'महिन्यात नोकरी' म्हणणाऱ्या जाहिरातीला भुलून कर्ज काढू नका. महिन्याभरात पोराने हे पान स्वतः लिहून दाखवले, तर त्याची ओढ खरी समजा. मग फीचा विचार जरूर करा.

आणि माउली, ते पान मराठीतच असेल. पहिल्यांदा तुम्हीच वाचा. खताच्या खर्चाचा आकडा चुकला असेल तर तो तुम्हालाच कळेल.