भीमाकाठी कोणाची कथा?

माढा तालुक्यात भीमा नदीवर उभारलेले उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि नदीकाठची अनेक गावे यशवंतसागर जलाशयाच्या उदरात गेली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर, करमाळा तालुक्यातील कुगावचा जुना वाडा ही त्याची परिचित उदाहरणे. कडक उन्हाळ्यात पाणी ओसरले की या वास्तू वर येतात आणि लोक होडीतून त्या पाहावयास जातात. धरणाने सोलापूरच्या शिवारात ऊस आणला, समृद्धी आणली. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु पाण्याखाली गेलेला दगड उन्हाळ्यात तरी दिसतो. विस्मरणात बुडालेली कथा पुन्हा वर येईलच, याची शाश्वती कोण देणार?

या प्रश्नाचे निमित्त आहे ‘गॉड ऑफ वॉर’ हा ग्रीक पुराणकथांवर बेतलेला व्हिडिओ गेम. सोनी कंपनीने तो २००५ मध्ये प्लेस्टेशनवर आणला. खेळाचे यंत्र महाग असले, तरी त्यातील प्रसंगांच्या चित्रफिती आज मोबाईलवर कोणालाही सहज पाहता येतात. त्याचा नायक क्रॅटोस हा स्पार्टाचा योद्धा. युद्धदेव एरिसच्या कपटामुळे त्याच्या हातून स्वतःच्याच पत्नीची व कन्येची हत्या होते. त्या सूडाने पेटलेला क्रॅटोस एरिसला मारतो आणि २०१० च्या तिसऱ्या भागात देवराज झ्यूसपर्यंत सर्वांचा संहार करीत जातो. समुद्रदेव मरतो तेव्हा पृथ्वीवर महापूर येतो, सूर्यदेव मरतो तेव्हा अंधार पसरतो. शेवटी उरते ते उद्ध्वस्त जग.

या कलाकृतीचे तांत्रिक सामर्थ्य वादातीत आहे. किंबहुना तिच्या निर्मात्यांनाही केवळ सूडावर कथा पुढे नेता आली नाही. २०१८ च्या भागात तोच क्रॅटोस पिता म्हणून आपल्या मुलाला संयम शिकवताना दिसतो. त्यामुळे परक्यांचे ते सारे त्याज्य, असा सोपा निष्कर्ष आम्ही काढणार नाही. मात्र ज्या मुलाला झ्यूसचा अंत ठाऊक आहे, त्याला आपल्या गावच्या नदीचा जन्म ठाऊक आहे काय?

लोकश्रद्धा सांगते, की त्रिपुरासुराचा वध करून भगवान शंकर सह्याद्रीवर विसावले आणि त्यांच्या अंगावरून निथळलेल्या घामातून भीमा प्रकटली. त्या युद्धाचे पुराणातील वर्णन पाहावे. सोने, रूपे व लोखंड यांची तीन फिरती नगरे, ती एका रेषेत येण्याचा एकच क्षण आणि एकच बाण! पृथ्वीचा रथ, चंद्रसूर्यांची चाके, मेरूचे धनुष्य, वासुकीची प्रत्यंचा आणि सारथ्याला साक्षात ब्रह्मदेव. कोणत्या ग्रीक कथेपुढे ही कल्पना उणी पडेल? फरक आहे तो शेवटाचा. तेथे संग्रामानंतर ओसाड जग उरते. येथे संग्रामाच्या श्रमातून नदी वाहू लागते आणि पुढे पंढरीत चंद्रभागा होते.

एक आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल. झ्यूसचे पूजन आज अपवादानेच होते. आपल्या देवतांपुढे रोज समई तेवते. २००९ मध्ये हैदराबादच्या कंपनीने बनविलेला ‘हनुमान : बॉय वॉरिअर’ हा खेळ आला, तेव्हा अमेरिकेतील राजन झेद यांनी आक्षेप घेतला. खेळणाऱ्याने बटणे दाबून आराध्य दैवताला नाचवावे, हे त्यांना मान्य नव्हते. ही भावना समजण्यासारखी आहे. पण निषेध हा उत्तराचा आरंभ असतो, उत्तर नव्हे.

उत्तर पुण्यातच सापडले. ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्याशा चमूने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ सादर केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी त्यांनी हाती घेतलेले काम सोडले नाही. त्यांच्या खेळात लढते ती राजी नावाची एक सामान्य मुलगी, आपल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली. दुर्गा तिला बळ देते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. देव खेळणाऱ्याच्या हातचे बाहुले होत नाहीत आणि पराक्रम माणसाचा राहतो. श्रद्धा व खेळ यांचा मेळ असा बसू शकतो.

परंतु असे खेळ घडविण्यासाठी आधी कथा हाताशी हवी. बुडालेली गावे ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांतील धरण झाले तेव्हा पंधरा वर्षांचे असलेलेही आज साठीच्या पुढे आहेत. जुन्या गावची जत्रा, ग्रामदैवताची आख्यायिका, नदीची गाणी त्यांच्याच स्मरणात आहेत. धरणकाठच्या प्रत्येक शाळेने या सुट्टीत विद्यार्थ्यांना आजी-आजोबांकडे पाठवावे, ऐकलेले लिहून घ्यावे. ज्या मोबाईलवर क्रॅटोस दिसतो, त्याच मोबाईलवर आजीचा आवाजही साठवता येतो. उद्याच्या कलावंताला त्यातूनच सामग्री मिळेल. जलाशयाची पातळी दरवर्षी खाली येते; गेलेली पिढी मात्र परत येत नाही. म्हणून हे काम आजच हाती घेतले पाहिजे.