गाडी वळली तरी इंडिकेटर सुरूच! कारमध्ये आपोआप बंद होतो, मग दुचाकीत काहून नाही?

नागपूर : उमरेड रोड असो, काटोल रोड असो की सावनेरचा हायवे, हे चित्र रोजचंच. समोर मोटारसायकल, मागे पोतं बांधलेलं आणि उजवा इंडिकेटर टिकटिक करत सुरू. मागच्याला वाटतं हा आता वळेल, मग वळेल. पण तो वळतच नाही. कारण तो दोन किलोमीटर मागेच वळून आला आहे, फक्त बटण बंद करायचं राहून गेलं. शेवटी कोणी तरी बाजूने जाताना ओरडतो, "भाऊ, इंडिकेटर चालू हाय!"

ऐकायला गंमत वाटते, पण यात जीव जाऊ शकतो. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीचा इंडिकेटर पाच मिनिटं सुरू राहिला, तर ती गाडी पाच किलोमीटर खोटा इशारा देत जाते. तेवढ्या अंतरात दोन-तीन फाटे सहज लागतात. डावा इंडिकेटर पाहून फाट्यावरचा ट्रॅक्टरवाला समजतो की गाडी आत वळणार, आणि तो ट्रॉली रस्त्यावर काढतो. गाडी मात्र सरळ येते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यातले किती इंडिकेटरमुळे, हा आकडा या टक्केवारीत निघत नाही. पण दुचाकीवाल्याला चुकीची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते, हे उघड आहे.

कारचं सोपं, दुचाकीचं अवघड

कारमध्ये वळण घेतल्यावर स्टिअरिंग सरळ होताना त्याच्या दांड्यावरचा खटका इंडिकेटरची काडी परत ढकलतो. साधं काम आहे. दुचाकीचं तसं नाही. वेगात असताना दुचाकी हँडल फिरवून कमी आणि कलून जास्त वळते. हँडल फार थोडं हलतं. त्यामुळे कारचा खटका इथे लागू पडत नाही.

यावर तोड मात्र जुनी आहे. जपानच्या यामाहा कंपनीने १९७० च्या दशकाच्या शेवटीच आपल्या काही मोठ्या गाड्यांत ही सोय दिली होती. हिशेब असा : इंडिकेटर लावल्यापासून १० सेकंद झाले पाहिजेत आणि गाडी साधारण १५० मीटर पुढे गेली पाहिजे. दोन्ही पूर्ण झाले की इंडिकेटर बंद.

दोन्ही अटी कशाला? नुसती वेळ धरली, तर डिव्हायडरच्या कटवर ट्रक जाईपर्यंत थांबलेल्या माणसाचा इंडिकेटर ऐन वळायच्या वेळी बंद पडेल. नुसतं अंतर धरलं, तर हायवेच्या वेगात तो फार लवकर विझेल. ताशी २० ने चालणाऱ्या गाडीला १५० मीटर जायला २७ सेकंद लागतात, ताशी ६० ला फक्त ९. म्हणून हळू चालताना अंतर मोजायचं आणि वेगात वेळ. हार्ले-डेव्हिडसनसारख्या महाग गाड्यांत तर वळण पूर्ण झालं की नाही हेच सेन्सर ओळखतो.

आपल्याकडे काय?

आपल्याकडे ही सोय आता हळूहळू येत आहे. एथरच्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये ती आहे, अलीकडे काही पेट्रोल स्कूटरमध्येही दिसू लागली. पण गावात जास्त चालणाऱ्या १०० सीसीच्या मोटारसायकलींत अजूनही आपला अंगठाच कामी येतो.

सरकारने ठरवलं की बदल होतो, हे आपण पाहिलं आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट कायम सुरू राहतो. त्यानंतर १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. एबीएससाठी चाकावर वेग मोजणारा सेन्सर लागतोच. डिजिटल मीटरच्या गाडीतही वेगाची माहिती असते. म्हणजे अंतर मोजायची अर्धी तयारी गाडीत आधीच आहे. खर्चाचं कारण आता पूर्वीइतकं पटत नाही. रस्ते वाहतूक खातं नागपूरच्याच खासदारांकडे, नितीन गडकरींकडे आहे. तेव्हा हा विषय दिल्लीत पोहोचवायला आपल्या भागाला लांब जायची गरज नाही.

तोवर काय करायचं?

बहुतेक गाड्यांत इंडिकेटरचं बटण मधोमध दाबलं की तो बंद होतो. वळण संपून हँडल सरळ झालं की एकदा दाबायचं, सुरू असो की नसो. महिनाभरात अंगठ्याला सवय लागते. उन्हात मीटरवरचा दिवा दिसत नसेल, तर मेकॅनिककडून बजर बसवून घ्या. आवाजाने त्रास झाला तरी चालेल, आठवण तर राहते. बाजारात टायमरचे तयार डबे मिळतात, पण नुसत्या वेळेवर चालणारा डबा कटवर दगा देऊ शकतो, आणि वायरिंग कापलं तर वॉरंटीचा प्रश्न येतो. नवी गाडी घेताना मायलेजसोबत हेही विचारा.

आणि फाट्यावर उभे असाल, तर समोरच्याच्या इंडिकेटरवर भरवसा ठेवू नका. गाडीचा वेग कमी झाला का, पुढचं चाक वळलं का, ते पाहा. मगच रस्त्यावर या.