पाळण्याची दोरी

आमच्या जालन्याविषयी जुनी म्हण आहे : 'जालना, सोने का पालना'. मोठी बाजारपेठ, मोंढ्यातली धान्याची आणि कापसाची उलाढाल, पुढे बियाणे आणि लोखंडाचे कारखाने. तेव्हा ही म्हण अगदीच पोकळ आहे असे कोणी म्हणणार नाही. पाळणा सोन्याचा आहे हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगत आलो. पण त्या पाळण्याची दोरी कोण ओढते, तिला महिन्याकाठी काय मिळते आणि तिला स्वतःचे असे काही मन आहे की नाही, हे विचारण्याची मात्र आमच्यात पद्धत नाही. कोणी विचारलेच तर त्याच्याकडे भुवया उंचावून पाहण्याची पद्धत आहे.

दोन बिजवर डोळ्यांपुढे आणा. एक अंबडचा, एक परतूरचा. दोघेही शिक्षक समजा, दोघांचीही बायको पस्तिशीच्या आत गेलेली आणि दोघांच्याही पदरी तीन वर्षांचे मूल. अंबडच्या शिक्षकाच्या घरी तेराव्याचे जेवण होते न होते तोच वडीलधारी मंडळी ओसरीवर बसून खलबत करू लागतात. 'लेकराला बघणारं कुणीतरी पाहिजे.' मग मेव्हणी लग्नाची आहे का, ती नसेल तर एखादी गरिबाघरची, वय उलटलेली, नाही तर नवऱ्याने टाकलेली पण सुदैवाने मूलबाळ नसलेली, असा शोध सुरू होतो. 'सुदैवाने' हा शब्द माझा नाही, ओसरीवरचा आहे. वर्षाच्या आत मंडप पडतो. त्या दोघांनी एकमेकांना धड पाहिलेले नसते, बोललेले तर नसतेच. पण गाव पंगतीला बसते आणि तोंड भरून म्हणते की लेकराला आई मिळाली.

परतूरचा शिक्षक वेगळा वागतो. दुसऱ्या लग्नाचे बोलणे त्याच्या मनाला पटत नाही. तो मूल सांभाळायला एक बाई बघतो, तिला ठरलेला पगार देतो. ती सकाळी आठला येते, मुलाला न्हाऊ-माखू घालते, त्याचा ताप काढते, त्याला चिऊकाऊच्या गोष्टी सांगते, संध्याकाळी बाप घरी आला की चार गोष्टी दिवसभराच्या सांगून आपल्या घरी जाते. अशी तीन वर्षे जातात. आणि एके दिवशी त्या माणसाच्या ध्यानात येते की संध्याकाळच्या त्या चार गोष्टींसाठी आपण शाळेतून लगबगीने येतो. तिलाही कधी तरी तसेच काही जाणवते. दोघे लग्न करायचे म्हणतात. झाले! ज्या गावाने अंबडच्या पंगतीत जिलेबी खाल्ली, त्याच गावाच्या पोटात आता दुखू लागते.

माझे भांडण या पोटदुखीशी आहे.

विचार करा, अंबडच्या घरी नेमके काय घडले? एका मुलाला सांभाळायला एक बाई आणली गेली. तिला पगार नाही, सुटी नाही, न पटल्यास सोडून जाण्याची सोय नाही. निवड करताना पाहिले गेले ते तिचे काम, तिचे मन नव्हे. म्हणजे हा व्यवहार सरळसरळ चाकरीचा आहे, फक्त त्यावर हळदीकुंकू टाकले आहे. परतूरला मात्र आधी चाकरी उघडपणे चाकरी होती, मोबदला उघड होता आणि त्यातून पुढे जे उगवले ते मन होते. आम्ही चाकरीच्या लग्नाला आशीर्वाद देतो आणि मनाच्या लग्नाला चाकरी म्हणून हिणवतो. याला नीती म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी त्याला हिशेबातली लबाडी म्हणतो.

या लबाडीत आमच्या मराठी भाषेचाही थोडा हात आहे. आपण 'मुलासाठी बाई ठेवली' म्हणतो आणि 'त्याने बाई ठेवली' असेही म्हणतो. मधला 'मुलासाठी' हा शब्द गावाने सोयीप्रमाणे गाळला की झाले काम. पुरुष नोकरीला 'लागतो', गडी कामावर 'राहतो', फक्त बाईच 'ठेवली' जाते, जशी वस्तू फडताळात ठेवतात तशी! फडताळातल्या वस्तूने उठून घरात लक्ष्मी म्हणून वावरावे, हे आमच्या व्याकरणालाच सोसत नाही.

'अहो, पण आपल्याकडे असे कुठे घडते?' असे म्हणणाऱ्यांना मी मुरूडच्या धोंडो केशव कर्व्यांची आठवण देतो. 1891 साली त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या, तेव्हा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. पत्नीवियोगानंतर एखादी अल्पवयीन कुमारिका आणणे त्या काळी अगदी सोपे होते. याआधी 1873 साली खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते असूनही, वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले होते. कर्व्यांनी तसे केले नाही. 11 मार्च 1893 रोजी पुण्यात त्यांनी गोदूबाईंशी, मित्राच्या विधवा बहिणीशी, विवाह केला. गोदूबाई त्यांच्या घरी पगारावर नव्हत्या, हे मी आधीच कबूल करतो. त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. पण त्यामुळे माझे म्हणणे दुबळे होत नाही, उलट बळकट होते, ते पुढे येईलच. मुरूडने काय केले? बहिष्कार घातला, आणि त्याचा धाक घरात बसलेल्या म्हाताऱ्या आईपर्यंत पोचला. आज त्याच कर्व्यांना आपण महर्षी म्हणतो. 1958 साली त्यांना भारतरत्न मिळाले. गाव चुकले हे कळायला गावाला किती वर्षे लागतात, ते या तारखांवरून मोजावे.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर ऑस्ट्रियातले घ्या. 1926 साली मारिया नावाची तरुणी मठातून एका विधुर नौदल अधिकाऱ्याच्या आजारी मुलीला शिकवायला गेली आणि 1927 साली त्याची पत्नी झाली. त्यावरचा 'साउंड ऑफ म्यूझिक' हा 1965 चा चित्रपट पाहून आमच्याकडच्या कितीतरी सभ्य कुटुंबांनी डोळे पुसले आहेत. गंमत अशी, की मारियाने आपल्या आठवणींत स्वच्छ लिहिले आहे की लग्नाच्या वेळी तिचे खरे प्रेम मुलांवर होते, नवऱ्यावर ते पुढे जडले. पडद्यावर आल्प्स पर्वत असला की आम्हाला हे चालते. मागे कुंडलिका नदी असली की चालत नाही.

आता विरोधकांचा एक आक्षेप आहे, आणि तो मी थट्टेवारी नेणार नाही. ते म्हणतात, मालकाचा शब्द मोडणे नोकरीवरच्या बाईला जमते का? तिचा होकार हा होकार की पोटाची भीती? हा प्रश्न खरा आहे. किती घरांत 'प्रेम' या शब्दाखाली काय चालले, हे सांगायला मी नको. म्हणूनच 2013 च्या कायद्याने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची व्याख्या करताना घरालाही कामाचे ठिकाण मानले आणि घरकाम करणाऱ्या बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागण्याचा हक्क दिला. पण पाहा, हा आक्षेप घेणारे लोक त्या बाईला त्या समितीचा पत्ता कधी सांगतात काय? 2008 साली आपल्या राज्यात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे नाव तिथे नोंदवले आहे की नाही, हे यांनी कधी विचारले काय? बाईच्या दुबळेपणाची यांना आठवण होते ती ती लग्न करू लागली की. बारा महिने ती दुबळीच राहावी याला यांची हरकत नसते.

माझे उत्तर असे आहे : ज्या पुरुषाला त्या बाईला मागणी घालायची आहे त्याने आधी तिला नोकरीतून मोकळी करावी. तिचा पै-पैचा हिशेब चुकता करावा. तिला दुसरे काम मिळेपर्यंत थांबावे. तिला नाही म्हणायला जागा असली पाहिजे, आणि ती नाही म्हणाली तर तिच्या पोटाला चिमटा बसता कामा नये. गोदूबाईंच्या पाठीशी शारदासदन होते. नाही म्हणाल्या असत्या तर त्या रस्त्यावर आल्या नसत्या. शार्लट ब्राँटेने 1847 साली 'जेन एअर' लिहिली तेव्हा तिलाही हे कळले होते. तिची नायिका मालकाच्या घरातून निघून जाते, पुढे तिला वारसाचे पैसे मिळतात, आणि मगच ती त्याच्याकडे परत येते, आपल्या पायांवर, आपल्या मर्जीने. आमच्या परतूरच्या बाईला वारसा मिळणार नाही. पण अंगणवाडीत, शिवणकामात, दुसऱ्या एखाद्या घरी चार पैसे मिळवून मग तिने होकार दिला, तर त्या होकाराला गावाने तोंड वेंगाडण्याचे कारण काय?

कारण आहे, आणि ते ओसरीवर मोठ्याने बोलले जात नाही. मूल सांभाळणारी बाई पुष्कळदा दुसऱ्या जातीची असते. तिच्या हातचा घास मुलाला चालतो, तिच्या मांडीवरची झोप चालते, तिच्या तोंडची अंगाई चालते. तिचे नाव कुटुंबात चालत नाही. विशेष विवाह कायदा 1954 चा आहे. त्यातली तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागली की चुलते-मामे तिथे हजर होतात. आणखी एक पेच असा की, बाई टाकलेली असेल तर नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला तरी कायद्याने ती त्याचीच बायको असते. दोन वर्षे टाकून दिल्याच्या कारणावरून 1955 च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे घटस्फोट मिळू शकतो, पण त्यासाठी जालन्याच्या कोर्टात खेटे घालायचे, दर तारखेला रोज बुडवायचा, तोही ज्याने टाकले त्याच्यापासून सुटण्यासाठी. परतूरच्या शिक्षकाला खरेच प्रेम असेल तर त्याने पहिला खर्च मंगळसूत्राचा करू नये, वकिलाच्या फीचा करावा, आणि तोही उसना म्हणून, उपकार म्हणून नव्हे.

आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ 'सावधान' हा शब्द ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी परंपरा आहे. तेव्हापासून नवऱ्यामुलाला सावध करण्याचा प्रघात आम्ही नीट पाळला आहे. अंबडच्या मंडपात उभ्या राहिलेल्या त्या वय उलटलेल्या मुलीसाठीही भटजी तोच शब्द उच्चारतात. ती कुठे पळणार?

राहता राहिले मूल. दोन्ही बाजूंचे लोक 'लेकराच्या भल्यासाठी' म्हणतात, म्हणून त्याचेही पाहू. परतूरला शेवटी बहुधा काय होते? लग्न होत नाही. कुजबुज वाढते, शाळेतले सहकारी हसतात, शिक्षकाची थोरली बहीण गावाहून येते आणि बाईला हिशेब देऊन वाटेला लावते. सगळ्यांची अब्रू वाचते. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सहा वर्षांचे एक पोर उंबऱ्यावर येऊन बसते. आत्या त्याला आत बोलावते, लाडू देते. ते लाडू हातात धरून गल्लीच्या वळणाकडे बघत बसते.