मापाला घाई नको

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अंबाजोगाईच्या मोंढ्यात तराजूलाही हळदकुंकू लागते. लहानपणी मावशीचे बोट धरून मी ते पाहायला जात असे. धान्याच्या पोत्यांचा तो धिप्पाड काटा आणि सराफाचा तो इवलासा काटा. पूजा मात्र दोघांची सारखीच!

गेल्या वर्षी ह्याच मावशीला एका कानाने ऐकू येईनासे झाले. तपासणीत निघाले की कानाच्या नसेवर हरभऱ्याएवढी गाठ आहे. कर्करोगाची नव्हे, पण वाढत चाललेली. शस्त्रक्रियेऐवजी किरणांचा उपाय ठरला आणि आम्ही बीडहून मुंबईच्या एका इस्पितळात येऊन दाखल झालो.

ठरल्या दिवशी मावशी देवाचे नाव घेऊन तयार होऊन बसली, आणि निरोप आला, "आज नाही. दोन दिवस थांबा. मोजमाप पुन्हा करायचे आहे."

वाचकहो, माझे पित्त खवळले. रजा संपत आलेली, खोलीचे भाडे चढत चाललेले! मी तडक त्या मोजणाऱ्या गृहस्थांकडे गेलो. ते डॉक्टर नव्हते, पदार्थविज्ञानाचे जाणकार होते.

"कोट्यवधींचे यंत्र, आणि त्याचा किरण अजून मोजता येत नाही तुम्हांला?" मी म्हणालो.

ते हसले. खुर्ची पुढे करून म्हणाले, "गाव कोणते आपले?"

"बीड जिल्हा."

"मग पावसाचेच बोलू. तुमच्याकडे बांधाच्या अलीकडे पाऊस पडतो आणि पलीकडे धूळ उडते, खरे ना? आता समजा, पाऊस वीतभर पट्ट्यातच पडला आणि पर्जन्यमापकाचे तोंड हातभर रुंद आहे. मग माप काय दाखवील?"

"कमी दाखवील. अर्धे तोंड कोरडेच राहील."

"तेच आमचे दुखणे! रुंद झोत मोजायला फार्मर नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या धर्तीची कुपी आजही उत्तम. पण तिची पोकळी दोन सेंटिमीटरांहून अधिक लांब, आणि तुमच्या मावशीसाठी झोत हवा जेमतेम एक सेंटिमीटरचा. कुपीची टोके कोरडी राहतात आणि ती कमी आकडा सांगते. तो खरा मानला, तर आम्ही यंत्र जास्त वेळ चालू ठेवू."

"म्हणजे रोग्याला जादा मात्रा?"

त्यांनी मान हलवली. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात नेमके हेच घडले होते. एप्रिल २००६ ते एप्रिल २००७ ह्या वर्षभरात बारीक झोत मोजण्यासाठी नको तेवढे मोठे उपकरण वापरले गेले, आणि १४५ रोग्यांना ठरल्यापेक्षा अधिक किरण मिळाले. यंत्र बिघडलेले नव्हते. माप चुकले होते.

"मग लहान कुपी घ्या की!" मी म्हणालो.

"घेतो. पण तिची टोचणी वेगळी. किरण शरीरात शिरले की इलेक्ट्रॉन उडवतात, आणि ते आजूबाजूला भटकतात. रुंद झोतात जितके मधून बाहेर जातात तितके बाजूने आत येतात, हिशेब मिटतो. बारीक झोतात जाणारे पुष्कळ, येणारे थोडे. त्यात उपकरणातली हवा किंवा सिलिकॉन म्हणजे पाणी नव्हे. म्हणून हवेची कुपी कमी सांगते, तर सिलिकॉनची चकती अतिबारीक झोतात बहुधा जास्त. शिवाय उपकरण मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकले तरी आकडा ढळतो. आम्ही दोन-तीन उपकरणांनी मोजतो, प्रत्येकाची दुरुस्ती लावतो आणि उत्तरे जुळतात का पाहतो. काल ती जुळली नाहीत."

अशा दुरुस्त्यांचे कोष्टक आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अमेरिकी पदार्थवैज्ञानिकांच्या साथीने २०१७ साली प्रसिद्ध केले. बारीक किरण अनेक दिशांनी एका ठिकाणी आणण्याची कल्पना मात्र स्वीडनच्या लार्स लेक्सेल ह्यांनी १९५१ सालीच मांडली होती. उपाय आधी आला, त्याचे चोख माप मागाहून!

"नेहमीच्या उपचारात रोज दोन ग्रे द्यायचे असतात," ते गृहस्थ म्हणाले. "तुमच्या मावशींना एकाच बैठकीत बारा-तेरा द्यायचे आहेत. उद्या दुरुस्त करू म्हणायला उद्या नाही."

मी खाली मान घालून परतलो. मावशीला सारे सांगितले. ती म्हणाली, "मग चिडायलास कशाला रे लेकरा? मोंढ्यातल्या काट्यावर कुणी नथ तोलतं का?"

तिसऱ्या दिवशी आकडे जुळले आणि काम झाले. मावशीला काही दुखले नाही की खुपले नाही. गेलेले ऐकू परत आले नाही. पण वर्षभराने काढलेल्या फोटोत गाठ वाढायची थांबलेली दिसली.

परवा फराळाचे डबे भरताना तिने एक डबा बाजूला काढून ठेवला. कुणासाठी म्हणून विचारले, तर ऐकू येणारा कान माझ्याकडे करून म्हणाली, "त्या मोजणाऱ्या लेकराला धाड. आणि चकल्या मोजून घातल्यात म्हणावं!"