एकदा मला विचारायचं होतंत

न्यूरॉलॉजिस्ट सर आणि गायनॅक मॅडम,


तुम्हा दोघांना मिळून एकच पत्र लिहिते आहे, कारण माझ्यासाठी तुम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललात असं मला एकदाही दिसलं नाही. मॅडमनी लिहायचं, ‘न्यूरोचं ओपिनियन आणा’. सरांनी लिहायचं, ‘गायनॅककडून फिटनेस घ्या’. आणि दोन्ही चिठ्ठ्या घेऊन दवाखान्यांचे जिने चढायचे मी, पायांत मुंग्या असताना. तुमची नावं लिहीत नाही. बदनामी करायची नाही, आणि तुम्ही दोघंच असे असतात तर पत्र लिहायची गरजही पडली नसती.

सर, आधी तुम्ही. एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं, निदान झालं तेव्हा माझं लग्न नवं होतं. एमआरआयला आत जाताना मंगळसूत्र काढून सासूबाईंच्या हातात दिलं, त्यांनी ते मुठीत घट्ट धरून ठेवलं होतं. रिपोर्ट आल्यावर तुम्ही छान समजावलंत. शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते, म्हणून कधी डोळा जातो, कधी पाय. आणि हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना जास्त, तोही ऐन विशी-तिशीत गाठतो. हे सगळं तुम्हीच सांगितलंत. मग मला विचारलंत, ‘इंजेक्शनची भीती वाटते का?’ नवऱ्याला विचारलंत, ‘खर्च झेपेल ना?’ आणि टेरिफ्लुनोमाइडची गोळी लिहून दिलीत. केसपेपरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘ॲव्हॉइड प्रेग्नन्सी’ असंही लिहिलंत. मूल हवं आहे का, कधी हवं आहे, हा प्रश्न त्या टेबलावर आलाच नाही. ऐन विशी-तिशीतल्या बाईच्या आजारात तो पहिला यायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं.

पुढे मी स्वतःहून विषय काढला. तुम्ही म्हणालात, ‘गोळी बंद करा आणि दोन वर्षं थांबा.’ गोळी रक्तात तितका काळ रेंगाळू शकते, हे खरंच आहे. पण ती लवकर बाहेर काढायची सोय आहे, हे तुम्ही सांगितलं नाहीत. कोलेस्टायरामिनची पावडर दिवसातून ३ वेळा, ११ दिवस घ्यायची, नंतर रक्त तपासून खात्री करायची. हे काही गुपित नाही, त्या गोळीच्या माहितीपत्रकात छापलेलं आहे. मी मात्र थांबले, औषधाविना. त्या थांबण्यात रिलॅप्स आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, आणि उजव्या डोळ्यापुढे जाळं धरलं. पावडरीबद्दल कळलं ते दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडून. त्यांनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, ‘मूल कधी हवंय?’ मला तिथेच रडू आलं.

प्रश्न आधी विचारला की औषधही त्या बेताने निवडता येतं. ग्लॅटिरामर किंवा इंटरफेरॉन बीटावर असलेल्या बायकांना दिवस राहिले म्हणून घाबरायचं कारण नसतं. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी गरज असेल तर इंटरफेरॉन बीटा गरोदरपणातही चालू ठेवायला परवानगी दिली. फिंगोलिमॉडचं उलट. ते दिवस राहण्याच्या निदान २ महिने आधी थांबवावं लागतं, आणि थांबवलं की काही जणींचा आजार दुप्पट जोराने उसळतो. म्हणजे हे बेत महिनोन्‌महिने आधी करायचे असतात. पाळी चुकल्यावर धावाधाव करून कसं जमणार?

आता मॅडम, तुम्ही. सोनोग्राफीत बाळाचे ठोके दिसले आणि तुम्ही माझ्या डोक्यावरून सासूबाईंशी बोलायला लागलात. ‘अशा आजारात कशाला जोखीम घेता? लवकर आहे तोवर पिशवी साफ करून घ्या.’ मी तिथेच होते, पोटावरची जेल पुसत होते. सज्ञान बाईचा गर्भपात तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय करता येत नाही, असं आपला १९७१ चा कायदा सांगतो. तुम्हाला तो माझ्यापेक्षा जास्त पाठ असणार. सासूबाईंनी घाबरून विचारलं, ‘बाळालाही होईल का हो?’ तुम्ही म्हणालात, ‘सांगता येत नाही.’ सांगता येतं, मॅडम. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला एमएस असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन-तीन. बाकी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणांचं काय, हे त्या माउलीला त्या दिवशी कळलं असतं तर पुढचे सहा-सात महिने ती देव पाण्यात घालून बसली नसती.

आणि जोखीम कधी असते, हेही मोजलेलं आहे. फ्रान्समधल्या ख्रिस्तियाँ कोन्फाव्ह्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या १२ देशांतल्या २५४ बायकांची २६९ गर्भारपणं तपासून १९९८ मध्ये आकडे छापले. गरोदरपणाआधी वर्षाला सरासरी ०.७ रिलॅप्स, शेवटच्या तिमाहीत ते ०.२ वर उतरले, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या ३ महिन्यांत १.२ वर चढले. नंतर पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे तुम्ही ज्या नऊ महिन्यांची भीती घातलीत ते बहुतेकींना त्यातल्या त्यात बरे जातात, आणि जपायचे ते तीन महिने असतात ज्यात तुमची भेट ‘टाके बघायला या’ एवढ्यावर संपते. सिझेरियनच करावं लागेल, कमरेतलं इंजेक्शन चालणार नाही, दूध पाजू नका, ही तुमची तिन्ही फर्मानंही अशीच. निव्वळ एमएस आहे म्हणून सिझेरियन लागत नाही. एपिड्युरल चालतं. आणि औषध चालणारं असेल तर अंगावर पाजायला काहीच हरकत नसते.

त्या तीन महिन्यांचंच सांगते. मी माहेरी होते. आईने रीतीप्रमाणे बाजेखाली शेगडी ठेवली, त्यावर ओवा आणि शेपा टाकून धुरी दिली, कडकडीत पाण्याने अंघोळ घातली. अंघोळीहून आले तर बाळाचा चेहराच दिसेना. उजव्या डोळ्यापुढे सगळं पांढरं. आईने थंड पाण्याची पट्टी ठेवली, पंखा लावला, अर्ध्या तासाने हळूहळू दिसायला लागलं. शेगडी पेटवून आपणच लेकीचा डोळा घालवला, असं समजून ती माउली रात्रभर जागी. उष्णतेने एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात. श्रमांनंतर नजर अशी तात्पुरती अधू होते हे विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच नोंदवलं होतं, आणि एके काळी रुग्णाला गरम पाण्यात बसवून हा आजार ओळखत असत. बाळंतिणीला शेकणं हे आपल्याकडच्या घराघरात चालतं, तुमच्या आईनेही तुम्हाला शेकलं असेल. ‘शेक-शेगडी नको, पाणी कोमट घ्या’ एवढं एक वाक्य डिस्चार्ज कार्डावर लिहायला किती शाई लागली असती?

तिसऱ्या आठवड्यात डावा पाय ओढायला लागला. मॅडम, तुम्ही फोनवर म्हणालात, बाळंतपणाचा थकवा आहे. सर, तुमच्या रिसेप्शनवरून पुढच्या महिन्याची वेळ मिळाली. पाय थकव्याने ओढत नव्हता. अखेर स्टेरॉइडची सलाइनं लागली, तीही त्या दुसऱ्या गावी जाऊन, मांडीवर तान्ही लेक घेऊन.

सर, मॅडम, माझं जे व्हायचं ते झालं. पण तुमच्या ओपीडीत उद्या अशीच एखादी नवी नवरी येईल. पहिली गोळी लिहिण्याआधी तिला, तिच्याकडे बघून विचारा, मूल हवं आहे का आणि कधी. मग एकमेकांना फोन करा. बाळंतपणानंतरच्या तपासणीची तारीख तिला सातव्या महिन्यातच लिहून द्या.

तुमची
एक पेशंट