गव्हाची थंडी आणि आमचा थंडपणा

दिवाळीच्या फराळात करंजीचा मैदा असतो, सारणातला रवा असतो, शंकरपाळ्यांची कणीक असते. निम्मे ताट गव्हाचेच म्हणायला हरकत नाही. आणि ज्या सुमारास आपण हा फराळ फस्त करतो, त्याच सुमारास महाराष्ट्रात पुढच्या गव्हाची पेरणी व्हावयाची असते. तेव्हा सणाच्या अंकात मी हे भांडण उकरून काढले म्हणून वाचकांनी रागावू नये. याहून चांगला मुहूर्त मला सापडला नसता.

माझे भांडण एका वाक्याशी आहे : 'यंदा हवेने दगा दिला.' मंत्री ते बोलतात, व्यापारी बोलतात, आणि निवडताना सुपात सुरकुतलेला दाणा दिसला म्हणजे आपणही बोलतो व स्वस्थ बसतो.

हवा बिघडली हे कोण नाकारतो? २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला. फेब्रुवारीत ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा अंदाज सांगणाऱ्या सरकारला मे महिन्यात तो १० कोटी ६४ लाखांवर आणावा लागला. २०२३ च्या फेब्रुवारीने दिवसाच्या उन्हाचा उच्चांक मोडला, आणि २०२५ च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानाचा. आता मला सांगा, अवचित येतो त्याला दगा म्हणावे. जो वारंवार दार वाजवून येतो त्याला दगा कसे म्हणायचे? तो पाहुणा ठरलेला आहे. त्याच्यासाठी पाट मांडून ठेवला नाही, हा दोष आपला.

गहू हे थंडीचे पीक. ओंबीत चीक भरत असताना ऊन तापले की रोप घाई करते. पाने वेळेआधी पिवळी पडतात, दाण्यात पिष्ट साठायचे दिवस कमी होतात. रात्रीही उबदार राहिल्या तर दिवसाची कमाई रोप श्वासातच उडवते. जगाचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले तर गव्हाचे उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटेल, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये मांडला. आपल्याकडे मुळात हिवाळाच तोकडा. पंजाबचा शेतकरी ज्या थंडीवर पिकवतो ती निफाडलाही पुरती मिळत नाही, मग विदर्भ-मराठवाड्याची काय कथा!

यावर पहिला शहाणा म्हणतो, शेतकरी अडाणी आहे, उशिरा पेरतो. बागायती गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा, ही कृषी विद्यापीठाची शिफारस बरोबरच आहे. पण त्या वेळी रानात कपाशी उभी असते, किंवा परतीच्या पावसाने वाफसा आलेला नसतो. दोनच पाणी देणे शक्य असेल तर ते विसाव्या-बाविसाव्या आणि साठाव्या-पासष्टाव्या दिवशी द्यावे, हेही बरोबर. पण त्या दिवशी कालव्याची पाळी नसेल, आणि विहिरीवरच्या पंपाची वीज मध्यरात्री येत असेल, तर हा सल्ला कोणत्या चाऱ्यातून वाहायचा? पाण्याशिवाय दिलेला सल्ला म्हणजे तुपाशिवाय वाढलेली पुरणपोळी.

दुसरा शहाणा म्हणतो, जुने ते सोने, खपली पेरा. खपली मलाही आवडते. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्यांनी ती टिकवली हे त्यांचे उपकारच. तिचे गुण नव्या वाणांत आणावेत, तिला भावही मिळावा. पण तिचे उत्पन्न कमी, आणि टरफल काढायला वेगळी मेहनत. रेशनच्या रांगेतल्या माणसाला खपलीचे कौतुक ऐकवून त्याची भाकर भरत नाही.

तिसरा म्हणतो, थांबा, नवे चमत्कारी बियाणे येत आहे. अहो, पुष्कळसे आलेले आहे! निफाडच्या केंद्राने कमी पाण्यासाठी 'नेत्रावती' दिला. वेळेवर आणि उशिरा, दोन्ही पेरण्यांसाठी 'फुले समाधान' दिला. तरी बाजारात हाक कोणाची? 'लोकवन'ची, ज्या वाणाला चाळीस वर्षे होऊन गेली. शेतकरी तो पेरतो, कारण व्यापारी नाव घेऊन मागतो. आणि व्यापारी मागतो, कारण आपण मागतो.

येथे मी आपल्या स्वयंपाकघरात शिरतो. १९६६ मध्ये मेक्सिकोहून अठरा हजार टन बियाणे आले. त्या गव्हाचा तांबूस दाणा आपल्या लोकांना रुचेना, म्हणून शास्त्रज्ञांनी किरणांचा प्रयोग करून पिवळसर दाण्याचा 'शरबती सोनोरा' काढला. खाणाऱ्याची आवड बियाणे बदलते, याला आणखी पुरावा काय हवा? मग तीच आवड आज टपोऱ्या, चकाकत्या दाण्यावर का अडून बसावी? २०२२ मध्ये पंजाब-हरियाणातल्या सरकारी खरेदीत सुरकुतलेल्या दाण्यांची मर्यादा सहा टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर नेली, आणि तोही गहू देशाने खाल्लाच. चाळण सैल करता येते. आपल्या बाजारात मात्र ती शेतकऱ्याच्याच मानेवर घट्ट होते.

आणि त्याच वर्षी १३ मे रोजी निर्यात बंद झाली. शहराला स्वस्त पीठ हवे हे मला मान्य आहे. परंतु उन्हाने वजन नेले आणि हुकमाने भाव नेला, तर मधल्या माणसाने कशावर जगायचे? दर वाढला की दार लावायचे असेल, तर पडलेल्या वजनाची भरपाई त्याच दारातून आत गेली पाहिजे.

माझे मागणे मोठे नाही. नवे बियाणे दिवाळीआधी तालुक्याला पोहोचावे. कालव्याची पाळी गव्हाच्या दिवसांप्रमाणे ठरावी, कचेरीच्या सोयीप्रमाणे नव्हे. पंपाला वीज दिवसा मिळावी. आणि आपण दुकानदाराला एकदा तरी विचारावे, 'हा कोणता वाण?' त्याला उत्तर देता आले नाही तर पुन्हा विचारावे. दहा घरांनी विचारले तर तो पुढच्या खेपेला आडत्याला विचारील, आणि आडत्या शेतकऱ्याला.

थंडी पाडणे आपल्या हाती नाही. थंडपणा सोडणे आहे.