पुस्तकातला नायक आणि पडद्यावरचा नायक

एकच कथा दोन वेषांनी समोर आली म्हणजे त्या दोहोंची तुलना होणे अपरिहार्य असते. एखादी अद्भुतरम्य कादंबरी दूरचित्रवाणीवर मालिकेच्या रूपाने अवतरली की तिचे वाचक पुस्तक मनात उघडे ठेवूनच ती पाहू लागतात. “पुस्तकात असे नव्हते!” हा उद्गार मग वारंवार कानी पडतो. या उद्गारात पुस्तकावरील प्रेम असते, ते आधी वाचल्याचा अभिमान असतो आणि पुष्कळदा थोडासा अन्यायही असतो. रूपांतरात बदल झाला एवढ्यावरून रूपांतरकाराला दोषी ठरवणे योग्य नव्हे. तो बदल कशात झाला, कशासाठी झाला आणि त्यामुळे मूळ कथेचे काय झाले, हे आधी पाहिले पाहिजे.

लेखकाचे साधन शब्द हे आहे. आकाशातून महासर्प झेपावत आला, असे लिहिण्यास त्याला एक ओळ पुरते आणि त्या ओळीला काही खर्च येत नाही. तोच महासर्प पडद्यावर उडवायचा, तर शेकडो कारागिरांचे श्रम, संगणकांची योजना आणि विपुल द्रव्य लागते. लेखक पात्राच्या मनात शिरून तेथील भय आणि पश्चात्ताप सांगू शकतो. कॅमेऱ्याला मात्र चेहरा दिसतो, मन दिसत नाही. शिवाय मालिका भागाभागांनी दाखवली जाते. प्रत्येक भागाच्या अखेरीस प्रेक्षकाच्या मनात पुढच्या भागाची उत्कंठा राहिली पाहिजे, ही तिची गरज असते. वाचक थकला की पुस्तक मिटून ठेवतो आणि पुन्हा तेथूनच उघडतो. या भेदांमुळे काही बदल करावेच लागतात.

फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाची ‘नॉर्दर्न लाइट्स’ ही कादंबरी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील जगात प्रत्येक मनुष्याचा आत्मा एखाद्या प्राण्याच्या रूपाने त्याच्याबरोबर वावरतो आणि त्याच्याशी बोलतो. या आणि पुढच्या कादंबऱ्यांवर बी.बी.सी.ने काढलेली मालिका २०१९ ते २०२२ या काळात दाखवली गेली. हे प्राणी संगणकाच्या साहाय्याने घडवावे लागत. त्यामुळे गर्दीच्या प्रसंगी प्रत्येक माणसासमवेत त्याचा प्राणी दिसत नाही. तसेच विल नावाचा मुलगा मूळ कथेत दुसऱ्या पुस्तकात येतो, त्याला मालिकेने पहिल्याच पर्वात आणले. पहिला बदल खर्चापायी झाला, दुसरा कथेचे धागे आधीपासून विणण्याच्या सोयीसाठी. चोखंदळ वाचकांना दोन्ही खटकले असतील. परंतु मनुष्य आणि त्याचा आत्मा यांची ताटातूट हे त्या कथेचे मूळ दुःख आहे आणि ते मालिकेत शाबूत राहिले. घराच्या भिंती हलल्या, पण पाया ढळला नाही.

पाया ढळला म्हणजे काय होते, हे समजण्यासाठी दुसरे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी लिहिली. अर्थसी हे त्यांनी कल्पिलेले असंख्य बेटांचे जग आहे. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक आईवेगळा पोर आपल्या अंगच्या मंत्रशक्तीच्या बळावर विद्यापीठापर्यंत पोहोचतो. तेथे एका सहाध्यायाशी ईर्ष्या करण्याच्या भरात तो मृताचा आत्मा बोलावण्याचे धाडस करतो. त्या क्षणी जगाला जणू एक चीर पडते आणि तिच्यातून एक काळी सावली बाहेर येते. ती त्याला घायाळ करते आणि पुढे त्याचा पाठलाग करीत राहते. बेटामागून बेट तो पळतो. अखेर त्याचे मितभाषी गुरू ओजियन त्याला सांगतात, की पळणे सोडून त्याने वळावे आणि सावलीचाच शोध घ्यावा. तो आपल्या मित्रासह दूर समुद्रात जातो, सावलीसमोर उभा राहतो आणि तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. शत्रू बाहेर नव्हता. आपल्याच गर्वाचे आणि भयाचे ते रूप होते, हे त्याला उमगते. या कथेच्या शिखरावर लढाई नाही, आत्मज्ञान आहे.

१३ डिसेंबर २००४ रोजी अमेरिकेतील साय-फाय वाहिनीने ही कथा आणि तिच्यापुढील कादंबरी एकत्र करून दोन भागांची मालिका दाखवण्यास आरंभ केला. तिच्यातील बदलांपैकी तीन विशेष लक्षात घेण्यासारखे आहेत.

पहिला बदल नावाचा. अर्थसीच्या जगात ज्याला वस्तूचे खरे नाव ठाऊक, त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून तेथे मनुष्य आपले खरे नाव जिवाभावाच्या माणसाखेरीज कोणासही सांगत नाही. नायकाचे खरे नाव गेड. लोक त्याला स्पॅरोहॉक, म्हणजे एका शिकारी पक्ष्याच्या नावाने ओळखतात. अपराधाच्या ओझ्याने तो खचला असताना त्याचा मित्र आपण होऊन आपले खरे नाव त्याला सांगतो. ते नाव म्हणजे विश्वासाचे केवढे मोठे दान असते! मालिकेने या दोन नावांची अदलाबदल केली. उघड नाव गेड आणि गुप्त नाव स्पॅरोहॉक. शब्द तेच राहिले, परंतु ज्या कथेत नावालाच प्राणाचे मोल आहे, तेथे ही अदलाबदल निष्काळजीपणाची म्हटली पाहिजे.

दुसरा बदल शत्रूचा. मालिकेने टायगाथ नावाचा एक राजा नव्याने निर्माण केला. त्याला अमर होऊन जग जिंकायचे आहे. पुस्तकात असा राजा नाही. पडद्याला दिसणारा शत्रू सोयीचा असतो. त्याच्याशी खड्गयुद्ध करता येते आणि त्याचा पराभव दाखवता येतो. परंतु असा शत्रू मध्यभागी उभा केल्यावर प्रेक्षकाची दृष्टी त्याच्याकडे लागते आणि ज्या दोषाकडे पाहण्यास कादंबरी शिकवते, तो नायकाचा आतला दोष अंधारात राहतो.

तिसरा बदल वरकरणी सर्वांत लहान आणि वस्तुतः सर्वांत मोठा आहे. पुस्तकातला गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे आणि त्याचा जिवलग मित्र तर काळा आहे. अर्थसीतील बहुतेक लोक असेच सावळे, तांबूस वा काळे आहेत; गोऱ्या वर्णाचे आहेत ते कार्ग नावाचे लोक, जे कथेच्या प्रारंभी गेडच्या गावावर धाड घालतात. मालिकेत मात्र गेडची भूमिका एका गोऱ्या नटाला दिली गेली. ओजियनच्या भूमिकेत डॅनी ग्लोव्हर हे कृष्णवर्णीय नट होते. पण कथेचा नायक गोरा झाला तो झालाच.

नायकाचा रंग कोणता यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. ले ग्विन यांनी हा रंग सहज म्हणून दिलेला नव्हता. त्या काळच्या इंग्रजी अद्भुतकथांत नायक गोरा असणे हे गृहीतच धरलेले असे. ले ग्विन यांनी हा संकेत जाणूनबुजून मोडला, पण गाजावाजा न करता. वाचक गेडच्या सुखदुःखाशी एकरूप होत जावा आणि मग त्याच्या वर्णाचे त्याला हळूहळू भान यावे, अशी त्यांची योजना होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठांवरही चित्रकार त्याला कित्येकदा गोरा रंगवीत आणि त्याविरुद्ध ले ग्विन यांना झगडावे लागे. मालिका दाखवली गेली त्याच महिन्यात त्यांनी लेख लिहून जाहीर निषेध केला. निर्मितीत त्यांच्या मताला काही स्थान नव्हते. आणि तरीही मालिकेचे कर्ते त्यांच्या मनातील हेतू लोकांना सांगू लागले, हे त्यांना विशेष लागले.

निर्मात्यांच्या बाजूनेही काही बोलता येते. हक्क रीतसर विकत घेतलेले होते. रूपांतर ही स्वतंत्र कला आहे आणि मूळ लेखकाने प्रत्येक प्रसंगाला हरकत घेतली तर कोणतीच कलाकृती पुरी व्हायची नाही. हे सारे खरे आहे. परंतु हक्काने परवानगी मिळते, समज मिळत नाही. विणकर नक्षी बदलू शकतो, पण ताणाच काढून घेतला तर वस्त्र राहत नाही.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुस्तक कोठे हरवले नाही, ते कपाटात जसेच्या तसे आहे. मग तक्रार कशाला, असा युक्तिवाद केला जातो. ज्याने पुस्तक वाचले आहे त्याच्यापुरता तो ठीक आहे. पण ज्या मुलाने ते वाचलेले नाही आणि ज्याला पडद्यावरूनच ही कथा कळणार आहे, त्याचे काय? सावळ्या वर्णाच्या एखाद्या मुलाला त्या पुस्तकात आपल्यासारखा दिसणारा नायक भेटला असता. गर्व करणारा, चुकणारा, पश्चात्तापाने पोळणारा आणि अखेर स्वतःला जिंकणारा तो नायक सहज त्याचा झाला असता. पडद्याने त्याची ही भेट होऊ दिली नाही. आणि काय गमावले, हेही त्याला कळले नाही. ज्या हानीची जाणीवच होत नाही, ती भरून तरी कशी निघावी?

म्हणून रूपांतर पाहताना विचारी वाचकाने प्रत्येक बदलाबद्दल चिडू नये आणि प्रत्येक बदल मुकाट्याने स्वीकारूही नये. प्रसंगांचा क्रम, संवाद, पात्रांची संख्या ही कथेची वस्त्रे आहेत. ती माध्यमाच्या ऋतुमानाप्रमाणे बदलावीत. परंतु कथा ज्या सत्यासाठी लिहिली गेली, ते तिचे हृदय आहे. कधी ते एखाद्या घोर संकटात असते, तर कधी नायकाच्या कातडीच्या रंगाइतक्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीत असते. वस्त्र कोणते आणि हृदय कोणते, हे ओळखण्यासाठी मूळ ग्रंथ वाचण्यावाचून दुसरा उपाय नाही. मालिका आवडली तर पुस्तक अवश्य उघडावे, आणि मालिका आवडली नाही तर अधिकच अगत्याने उघडावे.